मालकांना विचारून सांगते

बापूराव वारले त्याला सहा वर्षं झाली होती, पण आमच्या ऑफिसात ते ठणठणीत जिवंत होते. मळ्यात जात होते, गुडघ्याला तेल चोळून घेत होते, भेंडीची भाजी दिसली की ताट मागे सरकवत होते आणि रविवारी बायकोने कामावर गेलेलं त्यांना मुळीच खपत नव्हतं. हे सगळं आम्हाला त्यांची बायको विजयमाला सांगत असे. ते नाहीत हे तिला ठाऊक होतं, तिच्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला. नवरा जिवंत असलेली एक जागा तिने स्वतःसाठी राखून ठेवली होती, आणि ती जागा आमच्या कंपनीने एका दुपारी टाळ्या वाजवत काढून घेतली. हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं.

मी शनिवार पेठेत राहते आणि नोकरीला खराडीला येते. पुण्यातून पुण्यातच तर येता, असं लोक म्हणतात. तो रस्ता त्यांनी एकदा पाहावा. आडनाव आपटे, काम पगाराच्या विभागात, लग्न केलेलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून संपली. आमच्या पाचव्या मजल्यावरची मुलंमुली डबा खाताना एका हातात मोबाइल धरतात आणि माझ्याशी बोलायचं झालं तर आवाज चढवून बोलतात, जसं काही मला ऐकू येत नाही. म्हणून मी डबा घेऊन तळमजल्यावर विजयमालाकडे जायला लागले.

तिथे ती ट्रान्स्पोर्टच्या टेबलावर बसे. कोणती मुलगी कोणत्या कॅबने जाणार, कोणाला सोबत गार्ड द्यायचा, कोणता ड्रायव्हर मुंढव्याच्या पुलावर अडकला आहे, हे सगळं बघायचं तिच्याकडे. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने दणकट, कपाळावर मोठी टिकली, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. ती मूळ खराडीचीच सून. आमच्या टॉवरच्या खिडकीतून तिचं गावठाण दिसतं. पण टॉवरमधलं माणूस सहसा गावठाणात जात नाही आणि गावठाणातलं, तिच्यासारखं एखादं सोडलं तर, टॉवरमध्ये येत नाही. दोन्हीच्या मध्ये एक नाला आहे आणि तो पुरतो.

तिच्या जेवणाबरोबर बापूरावही असत. “मालकांनी आज मेथी आणली मळ्यातनं, निवडता निवडता हात मोडला,” ती म्हणे. किंवा, “मालकांचा गुडघा लई दुखतोय म्याडम, डॉक्टरकडं चला म्हणलं तर म्हणत्यात, डॉक्टरला शेती करायला लावशील का.” मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण मला तो आवडायला लागला होता. हट्टी, कमी बोलणारा, बायकोवर जीव असलेला आणि तो न दाखवणारा. शुक्रवारी घरी जाताना मी कधी कधी विचारही करत असे की बापूरावांच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायला सांगायला हवं. एकदा सांगितलंही. सोमवारी ती म्हणाली, “बांधला. आराम पडला म्हणले.” मला उगाचच बरं वाटलं.

कॅबमध्ये बसायला येणाऱ्या मुलीही जाता जाता विचारत, “काकू, काका काय म्हणतात?” त्यात ऋतिका नावाची एक होती, टेस्टिंगमधली. तिचं लग्न ठरत होतं, मोडत होतं, परत ठरत होतं. तिला बापूरावांच्या गोष्टी फार हव्या असत. “काकू, असा नवरा मिळाला पाहिजे यार,” ती म्हणे. विजयमाला लाजायची. खरंच लाजायची. ते सोंग असतं तर मी ओळखलं असतं. आमच्या पेठेत सोंगं ओळखण्यात लोकांचं आयुष्य जातं.

रविवारचं मात्र सांगायला हवं. आमच्या कंपनीचं काम परदेशातल्या लोकांसाठी चालतं, त्यामुळे रविवारीही काही मुलं येतात आणि ट्रान्स्पोर्टच्या टेबलावर कोणीतरी लागतं. ट्रान्स्पोर्टचा मॅनेजर राकेश दर थोड्या दिवसांनी येऊन विचारी, “विजूताई, संडेला जमेल का?” ती मान न उचलता म्हणे, “मालकांना इचारून सांगते.” दुसऱ्या दिवशी उत्तर तयार असे. “नको म्हणले.” आणि राकेश निमूट परत जाई. तिने स्वतःच्या तोंडाने ‘मला नको’ म्हटलं असतं तर त्याने तिला नियम ऐकवले असते. नवरा नको म्हणतो म्हटल्यावर त्याचा आवाज बंद. स्त्रियांच्या सक्षमीकरणाचं पोस्टर त्याच्याच खुर्चीच्या मागे लावलेलं होतं.

दर वर्षी संक्रांतीनंतर ऑफिसात हळदीकुंकू असतं. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावतात, एक लहानसं स्टेज करतात, सगळ्या साड्या नेसून येतात आणि वाण म्हणून झाकण न बसणारा प्लास्टिकचा डबा मिळतो. मी भिंतीकडे उभी राहून तिळगूळ खाते. विजयमाला पुढच्या रांगेत असे, कारण तिचा उखाणा ऐकायला सगळ्या थांबलेल्या असत. मागच्या वर्षीचा मला पाठ आहे: ‘ऑफिसच्या दारात कॅबवाले वाजवतात हॉर्न, बापूराव म्हणतात विजू, मळ्यात लावू बेबी कॉर्न.’ सगळं कॅन्टीन हसलं होतं. ती नाव घेताना अशी ताठ उभी राहायची आणि ‘बापूराव’ हा शब्द असा सावकाश म्हणायची, की तो संपूच नये. पुढे मला कळलं की गावात विधवा बाईला कोणी उखाणा घ्यायला सांगत नाही. नवऱ्याचं नाव मोठ्याने, चार माणसांसमोर घ्यायची तिला वर्षातून ही एकच संधी होती.

या वर्षीचा उखाणा तिने डिसेंबरातच केला होता. “सांग की,” मी म्हटलं. “नाय म्याडम, तिथंच ऐका. ह्यो भारी जमलाय.”

आता भाग्यश्रीबद्दल. ती मनुष्यबळ विभागात, म्हणजे माझ्या शेजारच्याच कोपऱ्यात, पावसाळ्यात आली. हिंगणघाटची. तिचं पद असं की कंपनीत जी वेगवेगळी माणसं आहेत, म्हणजे वेगळ्या प्रांतांची, धर्मांची, अपंग, बायका, उशिरा नोकरीला लागलेल्या, त्या सगळ्यांना आपलं वाटेल असं बघायचं. मी अशा पदांकडे तिरक्या नजरेने बघते. आधीच्या माणसाने लिफ्टमध्ये ‘प्रत्येक जण वेगळा, प्रत्येक जण आपला’ असं लावलं होतं, आणि लिफ्ट बंद असायची. पण ही पोरगी कामाची निघाली. आमच्या दाराशी व्हीलचेअरसाठी केलेला उतार दोन पायऱ्यांपाशी येऊन संपायचा, तो तिने दारापर्यंत नेऊन घेतला. ड्रायव्हर लोक उन्हात फुटपाथवर बसायचे, त्यांना पंखा असलेली खोली मिळवून दिली. त्यासाठी ती तिचा साहेब अभिनव याच्याशी भांडली आणि नंतर जिन्यात जाऊन रडली. मी तिला पाणी दिलं. रडण्याबद्दल बोलले नाही.

ती पुण्यात एकटीच होती. खराडी गावठाणात गेनबा नावाच्या माणसाने चार मजली इमारत बांधून खोल्या आयटीच्या पोरांना भाड्याने दिल्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहायची. हा गेनबा म्हणजे विजयमालाचा धाकटा दीर, आणि त्याच इमारतीच्या तळाशी मागच्या बाजूला विजयमालाचं दोन खोल्यांचं घर. भाग्यश्रीने एकदा पाणी भरताना गेनबाच्या बायकोला सहज विचारलं, “ताईंचे मिस्टर दिसत नाहीत कधी?” तिने सांगितलं, “भाऊजींना जाऊन झाली की सहा वर्षं. झटका आला, मळ्यातच गेले.”

भाग्यश्रीला ऑफिसातले बापूराव माहीत नव्हते. ती पाचव्या मजल्यावर, ते तळमजल्यावर. गळ्यातली पोत तिने पाहिली होती. पण हल्ली घालतात बऱ्याच जणी, असं तिला वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हतं. विजयमाला कपाळाला टिकली लावायची ती गल्ली संपल्यावर, पिठाच्या गिरणीच्या आडोशाला उभी राहून, आणि पोत तिथेच ब्लाउजमधून बाहेर काढायची, हे तर तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

जानेवारीत भाग्यश्रीने विचारलं, “ताई, हळदीकुंकवाला येणार ना तुम्ही?”

“येणार की. दर वर्षी येते.”

भाग्यश्री एवढ्यावर थांबली. आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिच्या मनात एक गोष्ट आधीच ठरली होती. तिचे वडील ती शाळेत असताना गेले, आणि त्यानंतर हिंगणघाटात तिच्या आईला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आई दार लोटून घेऊन आत बसायची आणि बाहेर बायकांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. हे इथे होऊ द्यायचं नाही, असं त्या पोरीने ठरवलं होतं. कोण तिला चूक म्हणेल?

कार्यक्रम रथसप्तमीच्या आदल्या दिवशी झाला. विजयमाला डाळिंबी रंगाची इरकल नेसून पुढच्या रांगेत बसली होती. शेजारी ऋतिका. मी माझ्या भिंतीकडे. उखाणे सुरू होण्याआधी भाग्यश्रीने माइक घेतला. आवाज थोडा कापत होता, म्हणजे ती मनापासून बोलत होती.

“आज पहिलं कुंकू मला एका खास व्यक्तीला लावायचं आहे. आपल्या विजूताई. ताईंचे मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. आपल्या समाजात अशा बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. पण आपल्या ऑफिसात कोणीही बाहेर राहणार नाही. ताई, प्लीज पुढे या.”

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. पुष्कळ जणींच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते छान वाटलं होतं. ऋतिका मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबली आणि वळून विजयमालाकडे बघायला लागली. मीही बघत होते. विजयमालाचा हात गळ्यातल्या पोतीवर गेला आणि तिथेच राहिला. मग ती उठली. स्टेजवर गेली. भाग्यश्रीने वाकून तिला हळद लावली, कुंकू लावलं, हातात वाण दिलं, फोटो काढला गेला. कोणीतरी माइक तिच्या तोंडापाशी नेला. ती म्हणाली, “थँक्यू.” आणि खाली उतरून सरळ जिन्याकडे गेली.

त्या संध्याकाळच्या सगळ्या कॅब वेळेवर सुटल्या. एकही मुलगी चुकीच्या गाडीत बसली नाही. मी खाली गेले तेव्हा ती टेबलावरचा फोन पुसत होती. मी म्हटलं, “विजयमाला.” ती म्हणाली, “म्याडम, तुमची बस जाईल.” मी निघाले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि मला रडू आलं. माझा त्या माणसाशी काय संबंध होता सांगा. पण ज्या माणसाच्या गुडघ्याला मी निर्गुडी सुचवली होती, तो त्या आधी कितीतरी दिवस नव्हताच, हे मला झेपेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन पक्ष पडले. एका पक्षाला वाटत होतं की बाईने आपल्याला वर्षानुवर्षं फसवलं. दुसऱ्याला वाटत होतं की बाई किती खंबीर आहे. हा दुसरा पक्ष जास्त त्रासदायक. त्यातल्या काही जणी तिच्या टेबलाशी जाऊन खांद्यावर हात ठेवून येत. ऋतिका कॅबमध्ये बसताना तिच्याकडे बघतही नव्हती. काका काय म्हणतात, हे आता कोण विचारणार?

भाग्यश्री माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं.

“मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. मी तर चांगलंच करून राहिली होती.” घाबरली की ती तिकडचं बोलायची.

“चांगलं करण्याआधी ज्याचं करायचं त्याला विचारतात,” मी म्हटलं. “स्टेजवर यायला आवडेल का, एवढंच. तेवढ्याला प्रशिक्षण लागत नाही.”

ती हळूच म्हणाली, “मी आईलाही कधी विचारलं नाही. तिला काय पाहिजे होतं ते. मीच ठरवलं.”

मला माझ्या जिभेची लाज वाटली, पण शब्द परत घ्यायची आम्हाला सवय नाही. मी तिला बसायला खुर्ची दिली. फोटो तोवर कंपनीच्या पानावर चढला होता, खाली मोठा मजकूर आणि लाल बदाम. भाग्यश्रीने तो काढून टाकायला लावला. अभिनव केबिनमधून बाहेर आला. “अगं, इतका छान रिस्पॉन्स होता. क्लायंटनेपण लाइक केलं.” ती म्हणाली, “सर, तो आपला फोटो नव्हता.” एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी विजयमाला स्वतः पाचव्या मजल्यावर आली. कपाळावर टिकली नव्हती, गळा मोकळा होता. ती भाग्यश्रीच्या टेबलासमोर उभी राहिली. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

“म्याडम, घरातलं माणूस गेल्यावर आपल्यात सुट्टी मिळती ना?”

“हो ताई, मिळते.”

“नवरा गेल्यावर बी?”

भाग्यश्रीने होकारार्थी मान हलवली.

“मग मला द्या. घरी गेले तवा मी कामाला नव्हते, तवाचं तवा झालं. हितं परवा गेलेत.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच सुट्टी हवी होती. भाग्यश्रीने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर सुट्टी मंजूर केली. नंतर अभिनवने विचारलं, “सिस्टिममध्ये तारीख मागतात मृत्यूची. काय टाकलीस?” भाग्यश्री म्हणाली, “मी माइक घेतला ती.” तो हसायला लागला आणि मग तिचं तोंड बघून थांबला. त्याने ती सुट्टी रद्द केली नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

शनिवारी मला सुट्टी असते. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात घेऊन जातात. आता विजयमालाच्या शेजाऱ्यांसाठी तर काहीच झालेलं नव्हतं. त्यांच्या लेखी बापूरावांचं दुःख कधीच शिळं झालं होतं. मग कोण जाणार? मी सकाळी उठून पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या, मला त्या नीट येत नाहीत, आणि डबा घेऊन बसने खराडीला गेले. नाला ओलांडून गावठाणात पहिल्यांदाच शिरले.

गेनबाच्या इमारतीच्या जिन्यात खालच्या पायरीवर भाग्यश्री बसली होती. केव्हापासून, देव जाणे. विजयमालाचं दार समोरच होतं, अर्धं उघडं.

“आत का नाही जात?”

“कसं जाऊ मॅडम?”

“पायाने,” मी म्हटलं आणि तिला हाताला धरून आत नेलं.

विजयमाला भिंतीला टेकून खाली बसली होती. घर लख्ख. भिंतीवर फोटो, त्याला चंदनाचा हार. मी बापूरावांना पहिल्यांदाच बघत होते. रुंद चेहरा, टोपी, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी नजर. मी मनात धरलेला माणूस साधारण असाच होता. मी डबा पुढे ठेवला. तिने झाकण उघडलं, पिठलं पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. मग ती रडली, आणि चांगली मोकळी रडली. आम्ही दोघी बसून राहिलो.

“पहिल्या दिवशी एका पोरीनं इचारलं, काकू, काका काय करत्यात,” ती पुढे म्हणाली. “तोंडातनं निघून गेलं, मळ्यात असत्यात. खोटं बोलायचं म्हणून नाय बोलले. आन त्या दिवशी घरी येताना म्याडम, असं वाटलं की घरात कोणतरी हाय. दार उघडलं तर कुणी नव्हतं. पर येईपर्यंत व्हतं ना. मग रोज तेवढ्यासाठी.”

“आणि रविवार?” मी विचारलं.

“रविवारी ते मळ्यात जायचे नाय. घरी असायचे. मटण करायचं, दुपारी पडायचं, संध्याकाळी नदीकडं चक्कर. ते खरंच व्हतं. आता बी रविवारी मी कुठं जात नाय. भावकीत काय ना काय असतंय, मला मागं बसवत्यात. त्यापेक्षा दार लावून घेते, आन बसते हितं.” तिने फोटोकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. “लेक भोरला दिलीय, ती म्हणती, ये की आई. पर रविवार मोडवत नाय.”

भाग्यश्री म्हणाली, “ताई, मी चुकले.” विजयमालाने तिच्याकडे पाहिलं. उठून तीन ताटल्या आणल्या आणि माझ्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांचे वाटे केले. तिघी जेवलो. पिठल्यात मीठ कमी होतं, ते तिने मागाहून वाढलं.

मी निघताना म्हटलं, “या वर्षीचा उखाणा राहिला.”

ती दारात उभी होती. तिने आधी बाहेर पाहिलं, कोणी जावा-नणंदा आहेत का. मग पदर सारखा केला, ताठ झाली आणि आवाज बेताचा ठेवून म्हणाली, “खराडीला नदीकाठी उभे राहिले टॉवर, बापूरावांच्या नावाला अजून हाय पॉवर.”

मी हसले. हसायलाच हवं होतं, ती तेवढ्यासाठी थांबली होती. भाग्यश्रीने तोंडावर ओढणी धरली आणि ती जिना चढून वर गेली. आमच्याकडे अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. मी काही न बोलता निघाले.

सुट्टी संपवून विजयमाला कामावर आली. मी डबा घेऊन खाली जायची ती जातच राहिले. आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो, कॅबबद्दल बोलायचो, आणि मध्ये मध्ये गप्प व्हायचो, कारण जिथे बापूराव यायचे तिथे आता काहीच येत नसे. मेथी आली तर ती मंडईची असायची. ऋतिका एक दिवस येऊन ‘सॉरी काकू’ म्हणाली, लग्नाची पत्रिका दिली आणि घाईने गाडीत बसली. काकांना घेऊन या, असं म्हणायची तिची फार दिवसांची इच्छा होती, ते मलाही आठवलं आणि विजयमालालाही आठवलं असणार.

भाग्यश्रीने तिच्या परीने केलं. पुढचे सगळे कार्यक्रम तिने स्टेज न करता केले, कोणालाही नाव घेऊन पुढे बोलावलं नाही, आधी एकेकाला जाऊन विचारलं. अभिनवला ते फिकं वाटलं. मला पहिल्यांदा त्या पदाचा काही अर्थ लागला. पण गेलेल्या गोष्टीवर उपाय तिच्याकडे नव्हता, आणि तो कोणाकडेच नव्हता.

मार्चमध्ये एका गुरुवारी आम्ही जेवत असताना राकेश आला. तो वाईट माणूस नाही. त्याला रविवारी टेबलावर माणूस हवं होतं आणि सवयीने तो तिच्याकडे आला.

“विजूताई, संडेला जमेल का?”

तिचा घास हातात होता. मान न उचलता ती म्हणाली, “मालकांना इचारून...”

आणि थांबली. राकेशने नजर खाली घातली. बाहेर एक ड्रायव्हर मोठमोठ्याने फोनवर बोलत होता, तेवढाच आवाज. मला काहीतरी बोलायचं होतं. ती येणार नाही, मी म्हणते म्हणून येणार नाही, असं काहीतरी. पण माझं म्हणणं कोण मोजणार? मी तिची कोण?

विजयमालाने घास ताटात ठेवला.

“येते,” ती म्हणाली. “किती वाजता यायचं तेवढं सांगा.”